नाव पालथी घालण्याचे दिवस

कोकणपट्टीत मृगाची चाहूल लागली की होड्या वाळूवर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना विसावा मिळतो. शासनही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस मनाई करून त्या जुन्या शिस्तीस कायद्याचे बळ देते. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या काठी, हा क्रम अगदी उलटा आहे. येथे नावेला शीड नाही आणि समुद्राची भरतीही नाही. बांबू रोवून आणि वल्हे मारून ती चालते, आणि जेव्हा कोकणातील होडी घरी निजलेली असते त्याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या नावेवर वर्षातले सर्वांत कठीण काम येऊन पडते. नाले भरतात, ठेंगणे पूल पाण्याखाली जातात, आणि ज्या गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता असतो त्या गावालाही काही दिवस डोंग्यावाचून दुसरा आधार उरत नाही. म्हणूनच येथील नावेची डागडुजी पावसाळ्यानंतर नव्हे, पावसाळ्याच्या आधी व्हावी लागते. तिला काठावर चढवून, कुशीवर वळवून, पालथी घालून तिचा तळ पाहण्याचे जे थोडे दिवस मिळतात, ते रोहिणी नक्षत्राच्या आगेमागेच मिळतात.

हे दिवस किती अपुरे असतात याची कल्पना शहरी वाचकाला सहज यायची नाही. मार्च-एप्रिलमध्ये माणसे मोह वेचण्यात गुंतलेली असतात. मे महिना तेंदूपत्त्याचा. आणि जूनचा पहिला पाऊस पडताच धानाची खारी, म्हणजे रोपवाटिका, टाकण्याची घाई सुरू होते. तेंदूचा हंगाम सरल्यावर आणि नांगर जुंपण्यापूर्वी जी पोकळी राहते, तीत घराचे छप्पर शाकारणे, लग्नकार्य उरकणे, बियाणे आणणे आणि नाव दुरुस्त करणे अशी सर्व कामे एकाच वेळी उभी राहतात. त्यात पहिली तीन कोणी टाळू शकत नाही, म्हणून चौथे टळते. नाव आहे तशीच, मागील वर्षीच्या पत्र्याच्या ठिगळांसह, पुन्हा पाण्यात ढकलली जाते. माझे सारे म्हणणे या एका टळलेल्या कामापुरतेच आहे, आणि ते काम केवळ नाववाल्या ढिवर कुटुंबाचे खासगी काम मानणे ही आपल्या मुलकी व्यवस्थेची मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चामोर्शी तालुक्यातील एका घाटावर नाव पालथी घालण्याचे हे काम जवळून पाहण्याचा योग मला आला होता, आणि तेव्हापासून त्यातील शहाणपणाविषयी मला अत्यंत आदर वाटत आला आहे. सागाच्या फळ्यांची, दहा-बारा माणसे बसतील अशी ती नाव होती. काठावर आणण्याआधी तिच्यातील पाणी उपसून, आडव्या बसक्या फळ्या आणि तळावर अंथरलेली बांबूची तट्टी काढून घेऊन, ती काही दिवस नुसती रेतीवर ठेवली होती. कारण वाळलेले सागवान घनमीटरमागे साधारण साडेसहाशे किलो भरत असले, तरी पाणी प्यालेले तेच लाकूड त्याहून पुष्कळ जड असते, आणि घाई करणारा माणूस लाकडाबरोबर नदीचे पाणीही उचलत असतो. मग तिच्याखाली गोल ओंडके सारत सारत तिला चढावरच्या एका मोठ्या करंजीच्या सावलीत नेण्यात आले. जागा सावलीची हवी, हा आग्रह मोठ्या माणसांचा होता. त्याचे कारण पुढे येईलच.

नाव वळवताना एका अंगाची कड उचलली तर निम्माच भार माणसांवर येतो, निम्मा जमीन वाहते. कड जसजशी वर जाते तसतसे बळ कमी लागते, आणि नाव पुरती कुशीवर उभी राहिली म्हणजे एक क्षण असा येतो की तिला उचलावे लागत नाही, ढकलावेही लागत नाही. ती आपल्याच तोलावर उभी असते. सारे भय त्या क्षणाच्या पलीकडे आहे. तोल ओलांडला की आतापर्यंत माणसांनी उचललेला भार आपल्या वजनाने दुसऱ्या बाजूला कोसळू पाहतो, आणि तेव्हा उचलणाऱ्या हातांचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो मागून आवरून धरणाऱ्या दोराचा. म्हणून घाटावरच्या जाणत्याने ओढणाऱ्या माणसांपेक्षा आवरणाऱ्या दोराची व्यवस्था आधी लावली. नावेच्या वरच्या कडेला बांधलेला जाड दोर मागच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका वयस्क माणसाच्या हाती दिला. त्या दोन वेढ्यांच्या घर्षणाने एकटा माणूसही एवढे ओझे सांभाळू शकतो. ज्या बाजूला नाव पडायची त्या बाजूस धानाच्या तणसाच्या पेंढ्या अंथरल्या, मुलांना दूर हाकलले, आणि त्या अंगाला कोणी म्हणजे कोणीही उभे राहायचे नाही अशी ताकीद दिली. बल्ल्या खाली घालून तरण्या पोरांनी कड उचलली, नाव उभी राहिली, सगळे क्षणभर थबकले, आणि त्या शांततेत तो जाणता ओरडला, "दोर एकदम सोडू नोका रे! हरूहरू येऊ द्या!" बुंध्यावरचा दोर करकरत वीतवीत सुटत गेला आणि ती एवढी थोरली नाव तणसावर आवाज न करता पालथी झाली.

नाव पालथी झाली म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. खरे वाचन येथून पुढे सुरू होते. वर्षभर जो भाग पाण्याखाली आणि म्हणून नजरेआड होता, तो प्रथमच उजेडात येतो. शेवाळ आणि चिखल खरवडून काढल्यावर सुतार लहान हातोडीने फळीफळीवर ठोके देत जातो; धडधाकट लाकूड खणखणीत बोलते, कुजके लाकूड बद्द आवाज देते. शंका आली तेथे तो अरी टोचून पाहतो, आणि ती लोण्यात शिरावी तशी शिरली तर त्या जागी डांबर फासून भागणार नाही, फळीच बदलावी लागेल, हे सर्वांना कळते. लोखंडी खिळ्यांभोवती काळे वर्तुळ दिसले तर खिळा आतून गंजला आहे आणि त्याची पकड सुटली आहे. रेतीवर घासून घासून तळ कोठे पातळ झाला आहे, हे हाताच्या तळव्याने चाचपून पाहतात. आणि जुने पत्र्याचे ठिगळ मात्र निर्दयपणे उचकटून टाकतात. कारण पत्र्याखाली ओल कोंडून राहते, आणि भोक बुजवण्यासाठी मारलेले ठिगळ पुढे त्याच भोकाला चौफेर मोठे करीत असते.

आता सावलीचे कारण. चंद्रपूरचा मे महिना पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत नेणारा. अशा उन्हात उघडी टाकलेली नाव आठवड्याभरात तडकते. एकसंध ओंडक्यातून कोरलेल्या डोंग्याचे तर दोन्ही टोकांकडून उभे चिरफळे निघतात, कारण टोकांकडील उघडी नस सर्वांत आधी वाळते. म्हणून टोकांवर ओली पोती घालतात. फळ्यांच्या नावेत लाकूड आकसून फटी रुंदावतात, आणि नवशिका सुतार त्या रुंद फटी पाहून त्यांत सुतळी आणि डांबर ठासून ठासून भरतो. पुढे नाव पाण्यात गेली, लाकूड फुगले, की ठासलेल्या भरीला जागा राहत नाही आणि फळ्याच खिळ्यांसकट एकमेकींपासून रेटल्या जातात. किती भरायचे आणि किती पाण्यावर सोपवायचे, हे ज्ञान कोणत्याही शासकीय तंत्रनिकेतनात शिकवले जात नाही. ते घाटावर, बापाकडून मुलाकडे जाते, आणि मुलगा पुण्या-हैदराबादेकडे मजुरीला निघून गेला की तेथेच थांबते.

या सर्व खटाटोपाचा आणि माणसांच्या जिवाचा संबंध किती निकटचा आहे, हे सांगण्यासाठी अपघाताची भीषण वर्णने करण्याची आवश्यकता नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या स्त्रिया पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या असता वैनगंगेत नाव उलटली आणि त्यांतील बहुतेक जणी बुडाल्या. त्यापूर्वी सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जीव गेले. या घटना नावेच्या नादुरुस्तीमुळेच घडल्या असे मी म्हणत नाही. प्रत्येक अपघाताची कारणे त्याच्या चौकशीत शोधावीत. परंतु नाव उलटते कशी, हे नाववाल्या माणसाला ठाऊक असते. गळक्या नावेत बोटभर पाणी साचले तरी ते एका जागी राहत नाही. नाव थोडी कलली की सारे पाणी त्याच अंगाला धावते आणि कलणे वाढवते. पाय भिजू नयेत म्हणून बायामाणसे उठतात, सरकतात, पदर सावरतात. भार आणखी एका बाजूला जातो. पाणी उपसण्यासाठी नावाडी वाकतो, तेव्हा त्याचा बांबू हातात नसतो. म्हणजे मे महिन्यात न बुजवलेली एक फट जुलैत एकाच वेळी नावेचा तोल, बसलेल्यांचा धीर आणि चालवणाऱ्याचे हात, ही तिन्ही हिरावून घेते.

आणि नदी आता पूर्वीची राहिलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाला तेहेतीस दरवाजे आहेत. पवनीजवळ ते उघडले की ब्रह्मपुरी, आरमोरी, सावली, चामोर्शी या साऱ्या पट्ट्यात पाऊस नसतानाही पाणी चढते, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते किती चढू शकते हे या काठच्या गावांनी पाहिले. जुन्या नावाड्याचा अंदाज आकाशाकडे पाहून बांधलेला असे. आज त्याला धरणाच्या वेळापत्रकाशीही सामना करावा लागतो. खाली चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते व प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याचे पाणी २०२३ पर्यंत शेतांच्या कडा खात बसलेले होते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम. दर पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल बुडतो आणि हे तालुक्याचे गाव बेट होते. अशा नद्यांवर उत्तम नावही जपून चालवावी लागते. गळक्या नावेविषयी काय बोलावे!

आपले शासन नावेची दखल केव्हा घेते? घेते ती दोन प्रसंगी. एक, मान्सूनपूर्व आढावा बैठकीत, जेव्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या रबरी बोटी मोजल्या जातात आणि तलावावर प्रात्यक्षिक होते. आणि दुसरी, अपघातानंतर, पंचनाम्यात. मधल्या काळात कोणत्या गावात किती डोंगे आहेत, त्यांचे वय काय, त्यांत किती माणसे बसवावीत, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ज्या महसूल खात्याला नदीतल्या रेतीचा हिशेब ब्रासपर्यंत ठेवता येतो, रेतीघाटांचे लिलाव करता येतात आणि अवैध वाहतुकीचे ट्रॅक्टर रात्री-अपरात्री अडवता येतात, त्या खात्याला त्याच घाटावर बांधलेली नाव मोजणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात १८७८ च्या तरी-कायद्याने, म्हणजे नावेच्या उताराविषयीच्या कायद्याने, घाटांचे मक्ते दिले जात, आणि मक्तेदाराने नाव सुस्थितीत ठेवावी ही जबाबदारी त्यात येई. तो कायदा वसुलीसाठी होता, लोककल्याणासाठी नव्हे, पण त्याने निदान नाव ही सार्वजनिक वस्तू मानली होती. आज २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्राशिवाय चालणाऱ्या नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची वाट राज्याला मोकळी आहे. ती वाट गावापर्यंत आणायची, तर हुकूम निघाला पाहिजे.

यावर अधिकारी वर्गाकडून एक उत्तर नेहमी मिळते: लाकडी डोंगे धोकादायकच आहेत, त्यांवर बंदी घालावी आणि फायबरच्या बोटी द्याव्यात. बंदीचा फलक घाटावर लावणे सोपे आहे. परंतु ज्या बाईची मजुरी पलीकडच्या काठावर आहे आणि जवळचा पूल वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, तिला फलक वाचून मागे फिरता येत नाही, ती फलक नसलेल्या घाटावरून जाते. फायबरच्या बोटींचे मी स्वागतच करतो. त्या हलक्या आहेत, चार माणसे त्यांना उलटू शकतात. पण उलटावे लागतेच. तळाला खडक घासून वरचा थर गेला की आतल्या धाग्यांत पाणी शिरते, उन्हाने तो थर ठिसूळ होतो, आणि त्याची दुरुस्ती गावच्या सुताराला येत नाही. दिलेली बोट एका पावसाळ्यानंतर शाळेच्या भिंतीशी पडून राहिलेली अनेक गावांत दिसेल, कारण देणाऱ्याने बोट दिली आणि तिच्या निगेची तरतूद केली नाही. लाकडाची असो वा फायबरची, वर्षातून एकदा पालथी न घातलेली नाव विश्वासार्ह राहत नाही. पूल हवेतच, आणि जेथे झाले तेथे त्यांनी जीवन पालटले. सिरोंच्याहून कालेश्वरला जाण्यासाठी गोदावरीवर आज डोंग्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु मंजुरीपासून उद्घाटनापर्यंत पुलाला जी वर्षे लागतात, त्या प्रत्येक वर्षात एक पावसाळा असतो.

लाकडाचा प्रश्न मात्र सर्वांत बिकट आहे, आणि त्यावर मी मोकळेपणाने बोलणार आहे. नावेच्या फळीला साग लागतो. येथील साग किती श्रेष्ठ आहे हे साऱ्या देशाला माहीत आहे. आलापल्लीचे वनवैभव त्याची साक्ष देते, आणि मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेले तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या रहिवाशांना झालेला आनंद अगदी खरा होता. मलाही तो झाला. परंतु या जंगलाच्या काठी राहणाऱ्या ढिवराला नावेची एक कुजलेली फळी बदलायची झाली, तर त्याच्यासमोर दोनच मार्ग असतात: वनखात्याच्या लाकूड-आगारातून व्यापाऱ्याच्या भावाने लाकूड घेणे, किंवा रात्री झाड तोडून वनगुन्हा ओढवून घेणे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आणि मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये तो प्रथम मिळवून दाखवला. बांबू त्यात आला, इमारती लाकूड आले नाही. त्यामुळे नाव चालवण्याचा बांबू ग्रामसभेचा आणि नावेची फळी वनखात्याची, अशी स्थिती आहे. पत्र्याची ठिगळे का वाढतात, याचे कारण नाववाल्याच्या आळसात शोधणाऱ्यांनी आधी सागाच्या फळीचा बाजारभाव विचारावा. जुन्या निस्तार-पद्धतीत नांगराला, घराला आणि चितेला लाकूड मिळण्याची सोय होती. त्याच न्यायाने घाटावरच्या नोंदलेल्या नावेसाठी दर तीन-चार वर्षांनी काही फळ्या सवलतीच्या दरात देणे वनखात्याला जड जाऊ नये. एका नावेला लागणारे लाकूड ते किती!

खर्चाचेही तसेच. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. बाकी गावांना वित्त आयोगाचा निधी आहे. त्यांतून सुताराची मजुरी, डांबर, सुतळी, खिळे, दोन चांगले दोर आणि प्रवाशांसाठी पाण्यावर तरंगणारी जीवरक्षक जाकिटे, एवढा खर्च सहज निघू शकतो. मात्र सुताराला मजुरी द्यावी तशीच ती तरण्या पोरांनाही द्यावी, कारण नाव उचलण्याचा तो एक दिवस त्यांच्या रोजीचा दिवस असतो. आणि आवरणाऱ्या दोराशी जो म्हातारा बसतो त्याला तर गुरू म्हणून मानधन द्यावे, आणि त्याच्या शेजारी दोन मुले शिकायला बसवावीत. ही विद्या त्याच्याबरोबर गेली, तर पुढे निधी असूनही नाव कोण पालथी घालणार?

एक आक्षेप माझ्याच मनात येतो, तो असा की नोंद आणि तपासणी यांचा संबंध आला की दाखला येतो, दाखल्याबरोबर हेलपाटे येतात, आणि गरीब नाववाल्याला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे भय खोटे नाही. म्हणून तपासणी तहसीलमध्ये नव्हे, घाटावरच व्हावी. पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावचा सुतार यांनी पालथ्या नावेसमोर उभे राहून तिची स्थिती एका वहीत लिहावी, किती माणसांची ती नाव आहे हे रंगाने तिच्या अंगावरच लिहावे, आणि जी नाव नादुरुस्त ठरेल तिच्यावर दंड न करता तिला लाकूड आणि मजुरी आधी मिळावी. शिक्षेच्या भयाने माणूस नाव लपवतो, आणि लपवलेली नाव रात्री चालते.

वेळेचा हिशेबही आताच मांडलेला बरा. मे महिन्याच्या अखेरीस फळ्या घाटावर हव्या असतील, तर १ मेच्या ग्रामसभेत ठराव करून उपयोग नाही. तोवर आगाराचे कामकाज पुढे निघून गेलेले असते आणि तेंदूचा हंगाम तोंडावर आलेला असतो. ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हावा, फेब्रुवारीत पाणी उतरलेले असताना नावांची पाहणी होऊन लाकडाची मागणी वनपरिक्षेत्र कार्यालयात रुजू व्हावी, आणि तेंदूच्या मजुरीचे वाटप ज्या आठवड्यात होते त्याच आठवड्यात, माणसे गावात असताना, नावा काठावर घ्याव्यात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या परिषदांनी वैनगंगेच्या दोन्ही तीरांसाठी एकच परिपत्रक काढावे, कारण नाव या तीरावरची असली तरी तिच्यात बसणारी माणसे दोन्ही तीरांवरची आहेत.